नाचून पुढे काय? – गुरू केलुचरण महापात्र यांच्या आयुष्यातून एक पाठ



'जोड्या लावा' हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तमिळनाडू – भरतनाट्यम्, केरळ – कथकली, महाराष्ट्र – लावणी, ओडिशा – ओडिसी. मुलं पाठ करतात, रेघा ओढतात, गुण मिळतात. पुढच्या तक्त्यात शास्त्रीय नृत्य, लोकनृत्य, भक्तिनृत्य असे तीन रकाने असतात. तेही पाठ होतात. पण नाच करणारा माणूस कसा घडतो, तो कुठे शिकतो, त्याचं घर कशावर चालतं, हे त्या तक्त्यात कुठेच नसतं. मग आपलं मूल नाचात रमायला लागलं की पालक म्हणून आपण एकच प्रश्न विचारतो, "हे सगळं ठीक आहे, पण नाचून पुढे काय?"

प्रश्न चुकीचा नाही. पोटाची काळजी पालकांनी करायची नाही तर कोणी करायची? पण त्याचं उत्तर तक्त्यातून मिळत नाही, माणसाच्या आयुष्यातून मिळतं. म्हणून आज एका नर्तकाचं आयुष्य आपण पाठ म्हणून वाचू या. चौथी-पाचवीच्या मुलांना गोष्ट म्हणून सांगता येईल आणि पालकसभेतही वाचता येईल असं ते आहे.

रंगांचं गाव

ओडिशात पुरीजवळ रघुराजपूर नावाचं छोटं गाव आहे. तिथे घरोघरी पट्टचित्रं काढतात. कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी लावून ते कडक करायचं, घोटून गुळगुळीत करायचं आणि त्यावर रंगवायचं. शंखाच्या पुडीपासून पांढरा रंग, दिव्याच्या काजळीपासून काळा, हिंगुळापासून लाल, हरताळापासून पिवळा. विषय बहुतेक करून जगन्नाथाचे आणि कृष्णलीलांचे.

या गावात 8 जानेवारी 1926 रोजी एका चित्रकाराच्या घरी केलुचरण महापात्र यांचा जन्म झाला. म्हणजे या मुलाच्या हातात घुंगरांच्या आधी कुंचला आला. चित्रातला कृष्ण कसा उभा असतो, राधेची मान कुठे वळते, हे त्याने नाच शिकण्याआधीच डोळ्यांनी टिपलेलं होतं. पुढे त्यांच्या नृत्यातली प्रत्येक मुद्रा चित्रासारखी रेखीव वाटायची असं जाणकार म्हणत. ते उगाच नव्हतं.

मुलगा, आणि मुलीच्या वेशात नाच

त्याच गावात गोटीपुआ नाचाचा आखाडा होता. ओडिया भाषेत 'गोटी' म्हणजे एक आणि 'पुआ' म्हणजे मुलगा. लहान मुलगे केस वाढवतात, साडी नेसतात, दागिने घालतात आणि राधा-कृष्णाची गाणी म्हणत नाचतात. त्यात 'बंध' नावाच्या अवघड कसरतीही असतात. शरीर धनुष्यासारखं मागे वाकवायचं, हातांवर तोल सांभाळायचा, एकमेकांच्या अंगावर चढून देवाचं दृश्य उभं करायचं. मिसरूड फुटायच्या वयात मुलगा यातून बाहेर पडतो.

आता जरा तक्त्याकडे वळा. गोटीपुआ कुठल्या रकान्यात टाकाल? गावातल्या आखाड्यात शिकवतात म्हणून लोकनृत्य म्हणाल. देवाच्या उत्सवात, पुरीच्या चंदनयात्रेत, नावेवर नाचतात म्हणून भक्तिनृत्य म्हणाल. आणि पुढे याच नाचातून ओडिसी उभं राहिलं, म्हणून शास्त्रीयाचं मूळही म्हणावं लागेल. एकच मूल, एकच नाच आणि रकाने तीन!

केलुचरण हा नाच शिकायला लागले. वडिलांना मात्र ते फारसं रुचलं नाही. पण त्यांनी मुलाचा नाच बंद करून टाकला नाही. त्यांनी त्याला मोहनसुंदर देव गोस्वामी यांच्या रासलीला मंडळीत घातलं. तिथे कृष्णभक्तीचं वातावरण होतं, शिस्त होती. आपल्या मनाला पटणारी वाट त्यांनी मुलासाठी शोधली. पालकांनी इथे क्षणभर थांबावं असं मला वाटतं. 'नको' म्हणणं सोपं असतं. 'इथे नको, मग कुठे?' असं विचारायला जरा कष्ट पडतात.

या मोहनसुंदर देव गोस्वामींनीच 1936 मध्ये 'सीता विवाह' हा पहिला ओडिया बोलपट काढला. म्हणजे मंडळी काही साधीसुधी नव्हती. तिथे मुलांना एकच काम नसायचं. नाचायचं, गायचं, वाद्य वाजवायचं, तोंड रंगवायचं, पडदे लावायचे आणि आश्रमातली कामंही करायची. केलुचरण यांची वाढत्या वयातली बरीच वर्षं इथे गेली.

पानमळा आणि नाटक कंपनी

यशस्वी माणसाच्या गोष्टीत आपण मधली अडचणीची वर्षं पटकन उरकतो. ती उरकू नका. मुलांना तीच जास्त समजतात, कारण त्यांच्या घरातही तशी वर्षं असतात.

रासलीला मंडळीतून बाहेर पडल्यावर केलुचरण यांच्याकडे ना नोकरी होती ना शाळेचं मोठं शिक्षण. त्यांनी पानमळ्यात मजुरी केली, वेलींना पाणी घातलं. नंतर कटकच्या अन्नपूर्णा थिएटरमध्ये त्यांना काम मिळालं ते मुख्यतः तालवाद्य वाजवण्याचं. नाच नंतर आला. त्या काळी ओडिशात नाटकाच्या मध्ये छोटे नाच असत. तिथे पंकजचरण दास हे नृत्याचे गुरू होते. जगन्नाथ मंदिरात देवापुढे नाचणाऱ्या स्त्रियांना 'माहारी' म्हणत. पंकजचरण अशाच एका माहारी घराण्यातले. गोटीपुआ आखाड्यातून आलेला केलुचरण आणि माहारी परंपरेतले पंकजचरण एका नाटक कंपनीत भेटले, ही ओडिसीच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. मंदिराच्या आतला नाच आणि मंदिराबाहेरचा नाच पगारी नोकरीच्या जागी एकत्र आले.

तिथेच लक्ष्मीप्रिया ही नर्तकी होती. रंगमंचावर ओडिसी नाचणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. केलुचरण तालवाद्य वाजवत, लक्ष्मीप्रिया नाचत. पुढे दोघांनी लग्न केलं.

तालवाद्याच्या या वर्षांमुळे काय झालं ते बघा. पुढे आयुष्यभर गुरुजींना आपल्या शिष्येसाठी पखवाज वाजवताही येई आणि तिचा नाच बसवताही येई. बोल हातात होते, तेच पायात उतरत. तेव्हा जी कामं 'वेळ गेला' म्हणून मोजली गेली असती, तीच पुढे त्यांची पुंजी ठरली.

नाच 'शास्त्रीय' कसा होतो?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, "बाई, शास्त्रीय कोण ठरवतं?" फार छान प्रश्न आहे. आपण टाळतो.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशभरात ओडिसीचं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. 1954 मध्ये दिल्लीत आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला. तिथे प्रियंवदा मोहंती या विद्यार्थिनीने हा नाच केला आणि चार्ल्स फाब्री या कलासमीक्षकांचं लक्ष त्याकडे गेलं. पण अडचण अशी की नाच होता थोड्या मिनिटांचा. पूर्ण कार्यक्रम होईल इतकी रचना नव्हती. प्रत्येक गुरूची शिकवण्याची रीत वेगळी, शब्द वेगळे.

मग 1950 च्या दशकाच्या शेवटी कटकमध्ये गुरू आणि अभ्यासक एकत्र आले. गटाचं नाव होतं 'जयंतिका'. त्यात पंकजचरण दास, केलुचरण महापात्र, देबप्रसाद दास, मायाधर राऊत असे गुरू होते आणि कालिचरण पटनायक, धीरेंद्रनाथ पटनायक यांच्यासारखे अभ्यासक होते. ते जुने ग्रंथ वाचत. 'अभिनयचंद्रिका' हा ओडिशातला ग्रंथ आणि 'अभिनयदर्पण' यांतल्या व्याख्या आपल्या नाचाशी ताडून बघत. कोणार्कच्या आणि इतर मंदिरांवरच्या शिल्पांमधल्या मुद्रा अंगावर घेऊन बघत. नावं ठरवली, क्रम ठरवला. आधी मंगलाचरण, मग बटू, मग पल्लवी, मग अभिनय आणि शेवटी मोक्ष. आज जगात कुठेही ओडिसीचा कार्यक्रम बघा, साधारण हाच क्रम दिसेल.

म्हणजे 'शास्त्रीय' हा शिक्का आकाशातून पडला नाही. आखाड्यातला, मंदिरातला आणि नाटकातला नाच जाणणाऱ्या माणसांनी एकत्र बसून, वाद घालून, वाचून, करून बघून त्याला व्यवस्था दिली. शिक्षकांना ही प्रक्रिया ओळखीची वाटेल. आपणही अनुभवातून आलेल्या गोष्टींना क्रम देतो, त्यालाच तर पाठ्यक्रम म्हणतो.

शिकवणारा माणूस

1952 मध्ये कटकला कला विकास केंद्र ही संस्था सुरू झाली. तिथे केलुचरण यांनी बरीच वर्षं शिकवलं. त्यांची सगळ्यात प्रसिद्ध शिष्या म्हणजे संयुक्ता पाणिग्रही. अगदी लहानपणापासून त्या गुरुजींकडे शिकल्या. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीने नाचणं समाजाला मान्य नव्हतं. त्या मुलीच्या आईवडिलांनी ते बोलणं ऐकून घेतलं आणि मुलीला नाचू दिलं. पुढे संयुक्ता नाचत, त्यांचे पती रघुनाथ पाणिग्रही गात आणि गुरुजी पखवाज वाजवत. एवढा मोठा गुरू शिष्येच्या बाजूला बसून तिला साथ करतो, हे चित्र मला फार आवडतं.

सोनल मानसिंह, कुमकुम मोहंती, माधवी मुद्गल, प्रोतिमा बेदी असे पुष्कळ शिष्य गुरुजींनी घडवले. आपल्या मुंबईतही त्यांनी शिकवलं. झेलम परांजपे या त्यांच्या मराठी शिष्येने 1989 मध्ये मुंबईत 'स्मितालय' ही नृत्यसंस्था काढली. अभिनेत्री स्मिता पाटील यांच्या आठवणीसाठी हे नाव. गणिताच्या शिक्षकांनी तर झेलमताईंचं एक काम जरूर बघावं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' ग्रंथातली गणितं त्यांनी ओडिसी नृत्यातून मांडली आहेत. गणित आणि नाच हे दोन वेगळे तास आहेत असं कोणी म्हटलं तर हे उदाहरण हाताशी असू द्या.

गुरुजींना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार 1966 मध्ये मिळाला. तेव्हा ते 40 वर्षांचे होते. 1974 मध्ये पद्मश्री आणि 2000 मध्ये पद्मविभूषण. 1993 मध्ये त्यांनी कुटुंबासह भुवनेश्वरला 'सृजन' ही संस्था सुरू केली. 7 एप्रिल 2004 रोजी ते गेले.

उतारवयातही ते नाचत. साधं धोतर नेसून, अंगावर भरजरी पोशाख नाही, डोक्यावरचे केस गेलेले. आणि असा म्हातारा माणूस राधा होऊन लाजला की समोरचे लोक म्हातारपण विसरत. रामायणातला केवटाचा प्रसंगही ते करत. रामाचे पाय धुतल्याशिवाय नावेत घेणार नाही म्हणणारा तो नावाडी. हातात वल्हं नाही, समोर पाणी नाही, तरी लोकांना नदी दिसे. बालपणी मुलीच्या वेशात नाचलेला मुलगा वेश उतरवूनही राधा होऊ शकला, तेही सत्तरीच्या आसपास. ही खरी कमाई.

"नाच पोरींचा असतो"

हे वाक्य माझ्या वर्गातल्या एका मुलाने दुसऱ्याला ऐकवलं. दुसरा मुलगा उत्तम नाचायचा. त्या दिवसापासून तो स्नेहसंमेलनाच्या सरावाला मागे मागे उभा राहू लागला. घरी चौकशी केली तर वडीलही तेच म्हणाले, "मॅडम, त्याला भाषणात घ्या, नाचात नको."

रागावून अशी वाक्यं जात नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. मी वर्गाला केलुचरण यांची ही गोष्ट दोन दिवसांत सांगितली. नाव न घेता. बंध कसे करतात ते सांगितलं तेव्हा मुलं म्हणाली, "हे तर जिम्नॅस्टिकच झालं!" गोष्ट संपल्यावर मघाचं वाक्य बोलणाऱ्या मुलानेच विचारलं, "त्यांना कोणी चिडवलं नसेल का?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" तो बराच वेळ गप्प होता. मला उत्तर नकोच होतं. वडिलांचं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, पण या वर्षी मुलगा लेझीमच्या पहिल्या रांगेत आहे.

आपल्याकडेही पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची मोठी परंपरा आहे. बालगंधर्वांचं नाव घेतलं की आजी-आजोबांचे चेहरे उजळतात. ते घरातल्या मोठ्यांना आठवून दिलं तर मुलाच्या बाजूने बोलणारं कोणीतरी घरातच सापडतं.

वर्गात काय करता येईल?

1) चौक आणि त्रिभंग : ओडिसीत उभं राहण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. 'चौक' म्हणजे पाय अंतरावर, गुडघे बाहेर वाकवलेले, दोन्ही हात कोपरात काटकोनात. जगन्नाथाच्या मूर्तीसारखा चौकोनी आकार. 'त्रिभंग' म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी बाक, बासरी वाजवणाऱ्या कृष्णासारखा. मुलांना दोन्ही करायला लावा आणि विचारा, "शरीराच्या मधोमध रेषा ओढली तर कुठल्या आकाराचे दोन भाग सारखे होतात?" सममिती हा पाठ फळ्यापेक्षा इथे लवकर कळतो. चौकात फार वेळ उभं करू नका, गुडघ्यांवर ताण येतो. दहा अंक मोजेपर्यंत पुरे.

2) हातातून पायात : चार मात्रांची टाळी धरा. आधी हाताने, मग पायाने. मग एका टाळीला दोन पावलं, नंतर चार. चारच्या पाढ्याला यापेक्षा चांगला सराव नाही. ज्याला नाचायला लाज वाटते त्याला ताल धरायला बसवा. तोही नाचाचाच भाग आहे, गुरुजींची सुरुवात आठवा.

3) वस्तू नसताना वस्तू : एकाने हातांनी नाव, घागर, जातं, मोबाइल असं काहीही दाखवायचं आणि बाकीच्यांनी ओळखायचं. बोलायचं नाही. सावकाश केलं तरच ओळखता येतं, हे मुलांना आपोआप कळतं.

4) नाचामागची माणसं : एका नृत्याच्या कार्यक्रमाला कोण कोण लागतं याची यादी करा. गायक, वादक, शिंपी, दागिने करणारे, रंगभूषा, प्रकाश, निवेदक, नाच बसवणारे, शिकवणारे. "नाचून पुढे काय?" या प्रश्नाची निम्मी उत्तरं या यादीतच निघतात.

5) आपला रकाना शोधा : आषाढीच्या दिंडीत मुलं पावली खेळतात. ते भक्तिनृत्य की लोकनृत्य? मुलांना वाद घालू द्या. एकच उत्तर लिहून देऊ नका.

पालकांशी दोन शब्द

केलुचरण महापात्र यांच्यासारखं प्रत्येकाचं होईल असं मी म्हणत नाही. पानमळ्यातली मजुरी ते पुरस्कार यामध्ये किती वर्षं गेली ते वर दिलं आहे. नाच हे झटपट फळ देणारं झाड नाही. टीव्हीवरच्या स्पर्धेत दोन मिनिटं नाचून जे मिळतं ते वेगळं आणि हे वेगळं. म्हणून मुलाचा अभ्यास सोडवून नाचाला लावा असं कोणी शिक्षक सांगणार नाही. पण अभ्यासासाठी नाच सोडवा, हा आपला नेहमीचा तोडगाही तपासून बघू या. पाचवी झाली की कित्येक घरांत क्लास बंद होतो, "आता अभ्यास वाढला" म्हणून. आठवड्यातले दोन तास वाचतात खरे. पण शरीर सरळ ठेवायची सवय, रोज तेच तेच करण्याचा धीर, चारचौघांत उभं राहण्याचं धाडस, हेही त्या दोन तासांबरोबर बंद होतं. ते परत मिळवायला कुठलाही क्लास नाही.

आणि मूल नर्तक झालं नाही तरी काय बिघडलं? उद्या एखादा कार्यक्रम बघताना त्याला ठेका कळेल, मुद्रा कळेल, मेहनत कळेल. कलेला जाणता प्रेक्षकही लागतोच.

स्वाध्याय (इयत्ता चौथी-पाचवीसाठी)

1. केलुचरण यांना चित्रकलेचा नृत्यात काय उपयोग झाला असेल?
2. 'गोटीपुआ' या शब्दाचा अर्थ सांगा.
3. ओडिसीला क्रम देण्यासाठी गुरू आणि अभ्यासक दोघंही का लागले?
4. तुमच्या गावात सणाला कोणते नाच होतात? ते शिकवतं कोण? त्यांना भेटून पाच प्रश्न विचारा.
5. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसाला लहानपणी काय आवडायचं आणि ते का सुटलं, हे विचारून लिहा.

शेवटचा प्रश्न मुलांपेक्षा आपल्यासाठी जास्त आहे. त्याची उत्तरं वाचताना वेळ काढून बसा. आणि तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.